रिकाम्या झाडावर गोठलेलं मशीन

कॉम्प्युटरच्या परीक्षेत मशीन गोठलं. परीक्षकांनी तपासायला म्हणून रिकामं झाड दिलं आणि माझ्या मुलीचा प्रोग्राम तिथेच आडवा झाला. ते म्हणाले, "बाहेर बस. वीस मिनिटांत नीट आणि छोटं करून आण, नाहीतर नापास." नापास म्हणजे शिक्षण बंद. तिच्या वडिलांनी देवळाली कॅम्पातलं स्थळ तयारच ठेवलं होतं.

मी तिचा डबा घेऊन कॉलेजात आले होते, व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. ती नाक ओढत बाहेर आली.

"रडून झालं की सांग काय बिघडलंय."

"आई, तुला नाही कळणार."

"तुला तरी कुठं कळलंय?"

तिने कागदावर ते झाड काढलं, कॉम्प्युटरात माहितीच्या गाठी फांद्यांसारख्या जोडतात तसलं. मूळ वर, फांद्या खाली. मी कागद फिरवून सरळ केला, तिने परत उलटा केला. असं दोनदा झालं. प्रत्येक गाठीखाली फार तर दोन गाठी, आणि एकूण गाठी मोजायच्या. एवढ्यासाठी तिचा सी भाषेतला प्रोग्राम पानभर होता. डावीकडे कोणी आहे का, उजवीकडे आहे का, दोन्हीकडे आहे का, कुठंच नाही का.

"अगं, हे तर पापडांचं बोलावणं," मी म्हटलं.

आमच्या चाळीत पापड लाटायला बायका जमवायच्या तर एकीने दोघींना सांगायचं, त्यांनी पुढच्या दोघी-दोघींना. एका घरी दोघींनी जायचं नाही. किती जणी येणार तो आकडा त्याच वाटेने परत येई, कारण पीठ त्यावर भिजवायचं. दोघींचे आकडे घ्यायचे, त्यात आपला एक मिळवायचा आणि मागे सांगायचं.

"आणि घरी कोणी नसलं तर?"

"कुलूप दिसलं की शून्य म्हणायचं नि फिरायचं. तू आधी पुढच्या दोन्ही घरांच्या खिडकीत डोकावतेस, मग जायचं का ते ठरवतेस. चोर आहेस का? आणि ज्या दारात उभी आहेस तिथलं कुलूप बघतच नाहीस!"

तिने पेन उचललं. मग म्हणाली, "म्हणजे पहिल्यांदा एवढंच बघायचं, हे झाड रिकामं आहे का. असेल तर शून्य. नसेल तर डावीकडचे, उजवीकडचे आणि एक."

"मग लिही की."

पानाच्या दोन ओळी झाल्या. तिला संशय. "बाकीच्या ओळींचं काय?"

"त्या नसत्या चौकशा होत्या."

ती आत पळाली. दार उघडंच होतं, मी उभी राहून बघितलं. परीक्षकांनी परत रिकामं झाड दिलं: शून्य. सात गाठींचं दिलं: सात. नुसतं डावीकडे लोंबणारं दिलं, तेही बरोबर.

"हे तुला कोणी सुचवलं?"

"पापडांनी, सर."

पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय असं त्यांना वाटलं असावं. पण पास केलं. स्थळाला नकार मीच कळवला. तिचे वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, घरात शांतता होती.

परीक्षेला बसली होती माझी थोरली मुलगी, आणि बाहेर बाकावर होते मी, चौथी पास.