कोणाला कळता कामा नये

इंग्लंडात, लेस्टरला आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये दर शनिवारी मी टेबल टाकून बसते. कॉम्प्युटरची अडचण असेल त्याने यावं, चहा घ्यावा, विचारावं. पूर्वी सगळे प्रिंटरबद्दल विचारायचे. आता खुर्ची जवळ ओढतात आणि हळूच म्हणतात, "मी नेटवर काय बघतो ते कोणाला कळता कामा नये."

मग मी प्रॉक्सी टाकून देते. म्हणजे तुम्ही जाता भलत्याच देशातल्या कॉम्प्युटरमार्फत. वेबसाइटला त्याचा पत्ता दिसतो, तुमचा नाही. का लपायचंय ते मी विचारत नाही. ते आपोआप कळतं, आणि किस्से साठत जातात.

*

शैलाताईंना मंडळाच्या वेबसाइटवर निनावी अभिप्राय द्यायचा होता. दिला: "गणपतीच्या जेवणात आमटीला गूळ नव्हता. यंदाही."

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींचा फोन. "शैलाताई, पुढच्या वर्षी गूळ तुम्हीच घाला."

ताई माझ्यावर चिडल्या. "तुझी प्रॉक्सी गळकी आहे."

"ताई, प्रॉक्सीने पत्ता लपतो. 'यंदाही' नाही लपत."

*

देवधरकाकांची प्रॉक्सी मी नॉर्वेतून फिरवली. पुढच्या शनिवारी बाहेर लख्ख ऊन, आणि काका जाड कोट, मफलर, हातमोजे घालून हजर.

"लॅपटॉपवर उणे सहा दाखवलं," म्हणाले.

"खिडकीतून नाही बघितलंत?"

"बघितलं ना. म्हटलं, हे इंग्लंड आहे, फसवं ऊन असेल."

*

साठे पती-पत्नी तीस वर्षं "रिटायर झालो की पुण्याला" म्हणत होते. एका शनिवारी साठेकाका एकटेच आले. त्यांना इथलेच बंगले बघायचे होते. "हिला कळता कामा नये. तिचा जीव पुण्यात अडकलाय."

पुढच्या शनिवारी काकू आल्या. बंगलेच. "ह्यांना कळलं तर खचतील गं."

मी दोघांना प्रॉक्सी दिली, हिस्टरी पुसायला शिकवलं आणि तोंड मिटून बसले.

महिन्याभराने एक बंगला प्रत्यक्ष बघायला गेले असताना दोघं समोरासमोर आले. एजंटने त्यांची एकमेकांशी ओळख करून दिली.

काका म्हणाले, "किचन मोठं आहे."

"माहितीये," काकू म्हणाल्या. "मी मघाशीच बघितलं."

*

आणि अरविंदकाका. हॉस्पिटलच्या लॅबमधून रिटायर झालेले, एकटे राहतात. मुलीच्या लग्नाला ते गेले नाहीत, तेव्हापासून सहा वर्षं बोलणं बंद. ती केंब्रिजला असते आणि आपल्या भाजीच्या वाफ्यांबद्दल इंग्रजीत ब्लॉग लिहिते. काका तो रोज सकाळी सातला वाचायचे. ब्लॉग कुठल्या गावातून वाचला जातो ते लिहिणाऱ्याला दिसतं, असं त्यांना कोणीतरी सांगितलं. ते घाईघाईने माझ्याकडे आले. मी त्यांना नेदरलँड्समध्ये नेऊन ठेवलं.

पुढच्या शनिवारी त्यांनी येऊन माझ्यासमोर लॅपटॉप उघडला. घेवड्याच्या वेलांबद्दल चार परिच्छेद होते, आणि त्यांच्याखाली मराठीत तीन ओळी:

"लेस्टरचा माझा एक वाचक रोज सकाळी सात वाजता यायचा. सहा दिवस नाही आला. तब्येत बरा आहे ना?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"बरी," ते म्हणाले. "तब्येत बरी असते. किती वेळा शिकवलं होतं मी हिला."

मग लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

"हे काढ बाई. मला परत लेस्टरला आण."