सात विहिरींतलं तोंड

आमच्याकडे कुत्रं-कोल्हं चावलं की माणसाला सात विहिरींत डोकवायला लावत. पाण्यात त्या जनावराचं तोंड दिसलं तर घात, स्वतःचं दिसलं तर धोका टळला.

धानाच्या रोवणीच्या दिवसांत आईला शेताच्या धुऱ्यावर कोल्हा चावला. भर दुपारी माणसांवर चालून आलेला कोल्हा, पण त्याचा अर्थ कोणी लावला नाही. बाबांनी तिला बैलगाडीने तालुक्याच्या डॉक्टरकडे नेलं, मीही सोबत होते. त्याने जखम धुतली आणि म्हणाला, "आजच चांद्याला जा. पोटात सुया घ्याव्या लागतील. जखम भरली तरी जा."

चंद्रपूरला तेव्हा चांदाच म्हणत. आई गाडीत चढता चढता हसली. "ह्यानंच तं भाऊजीचा पाय कापा म्हनलं होतं. पाय हाये ना जागेवर? इथी रोवणीचे पऱ्हे सुकून राह्यले, चांद्याले कोन जाते?"

मग विहिरी झाल्या. मी तिचा पदर धरून प्रत्येक काठावर उभी. शेवटच्या विहिरीत डोकवून ती म्हणाली, "पाह्य वं, मीच तं आहो!" तिच्या तोंडाशेजारी माझंही होतं.

जखम छान भरली. बाबांनी एकदा पुन्हा चांद्याचं काढलं, तर म्हणाली, "माह्यं आंग मले समजत नाई काय?" सुंठीवाचून खोकला गेला म्हणून बाबांनीही तो विषय सोडला.

मला अजून संताप येतो. तिचं अंग तिला खरंच समजत असे, ताप यायचा असला तर आदल्या दिवशी सांगायची. पण पिसाळलेल्या जनावराचं हे दुखणं ज्याच्या अंगात आहे त्यालाच पत्ता लागू देत नाही. काकांच्या पायाबद्दल डॉक्टर चुकला, ते खरं. तो पाय मात्र आम्हा सगळ्यांना दिसत होता. हे दुखणं त्याने दुसऱ्यांच्या मरणांत पाहिलेलं होतं, आमच्या घरी ते पहिल्यांदाच येणार होतं.

धान पोटरीवर आलं तेव्हा एका सकाळी आईने पाणी मागितलं. मी लोटा पुढे केला आणि तिचा गळाच आवळला. लोटा तिच्या हातून उडाला. "तहान लागली वं," म्हणायची आणि पाण्याकडून तोंड फिरवायची. मग कोपऱ्यातल्या घंगाळाकडे बोट करून ओरडली, "त्याच्यात कोन हाये? पाह्य ना बाई, कोन हाये?"

मी जाऊन डोकवले. त्यात माझंच तोंड होतं.