गाडी समतल होईपर्यंत आत कोणी नाही

माझ्या आत्याची पुस्तकांची गाडी आता देऊळघाटला आमच्या अंगणात उभी आहे. दोन चाकांची, बंद डब्याची, जीपच्या मागे जोडून न्यायची गाडी. चिखलीच्या एका वेल्डिंगवाल्या चाचांनी ती बांधून दिली होती. आत दोन्ही बाजूंना लोखंडी मांडण्या, मागच्या टोकाला आत्याची झोपायची फळी, दारापुढे तीन पायऱ्या. "बाई, घर बांधून राह्यल्या का दुकान?" असं चाचांनी विचारलं होतं. आत्या म्हणाली होती, "दोन्ही नाही. विहार समजा, पण मूर्ती नसलेला."

मी अक्षरं शिकले ती आत्याच्या पत्रकांवरून. शाळेच्या पुस्तकात कमळ आणि बदक होतं. पत्रकात "अंगारा पोट भरत नाही" आणि "कोणाच्याही पाया पडू नका" होतं. पाया पडू नका हे तिचं सगळ्यात जुनं पत्रक. नर्सची नोकरी संपल्यावर ती ही गाडी घेऊन हिवाळाभर गावोगाव फिरायची आणि मी तिच्यासोबत. गावात शिरल्यावर पहिलं कोणी पाया पडायला वाकलं की ती पाय मागे घ्यायची आणि हातात पत्रक द्यायची. माणूस पत्रक कपाळाला लावायचा. त्यावर ती चिडायची आणि मी हसायचे. आता नाही हसू येत.

गेल्या दोन वर्षांत तिचे गुडघे गेले. पायऱ्या चढताना दाराची कडी धरून ती मध्येच थांबायची. मी हात पुढे केला की म्हणायची, "राहू दे. ज्या दिवशी मले ह्या पायऱ्या माह्या मनानं चढता येनार नाही, त्या दिवशी गाडी बंद." ती गंमत करत नव्हती. ती कधीच गंमत करत नाही.

गाडी उभी करायची तिची पद्धत ठरलेली. जीप जोडलेलीच ठेवायची. उतारावरचं चाक फळीवर चढवून गाडी आडवी सारखी करायची. मग दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड. त्यानंतरच जीप सोडायची. चार कोपऱ्यांना चार जॅक होते, हँडलनं फिरवून खाली उतरवायचे. त्यांच्याखाली बाभळीच्या रुंद फळ्या, कारण आमच्याकडची काळी माती ओली असली की लोखंड गिळते. जॅक फळीला टेकला की अजून थोडा आवळायचा, बस. जॅक गाडी स्थिर धरायला आहेत, उचलायला नाहीत, हे ती मला प्रत्येक गावात नव्यानं सांगायची. आणि हे सगळं चालू असताना आत कोणी थांबायचं नाही. तीसुद्धा नाही. ती गुडघे धरत उतरायची, बाहेर उभी राहायची आणि दाराच्या उंबऱ्यावर ठेवलेल्या थाळीतलं पाणी बघायची. पाणी दोन्हीकडे सारखं दिसलं की मगच परत वर.

त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. मोताळ्याच्या बाजूचं आहे, एवढं पुरे. मेळावा होता. आदल्या दिवशी अवकाळी पाऊस पडून गेलेला. दरवर्षी आम्हाला समाजमंदिरापुढचा सिमेंटचा ओटा मिळायचा. या वर्षी त्यावर डीजेचा ट्रक उभा होता. आम्हाला ओढ्याच्या अंगाची उताराची जागा दाखवली.

"पुस्तकं चिखलात आन् भोंगे ओट्यावर?" मी विचारलं.

आयोजकांपैकी एक गळ्यात निळा रुमाल घातलेला माणूस हसला. "ताई, पब्लिक नाचाले येते. वाचाले कोन येते?"

त्याला मी बरंच ऐकवलं. आत्यानं गाडीच्या दारातूनच मला आवरलं. पण तेवढ्या बोलाचालीत त्याच माणसानं आमची जीप सोडायला लावली, कारण पाहुण्यांना आणायला त्यांची गाडी कमी पडत होती. आमच्या ड्रायव्हरनं घाईत चाकांना दगड लावले आणि तो गेला. गाडी ओढ्याकडे कललेली राहिली. चाक फळीवर चढवायला आता जीप नव्हती.

"जीप येऊ द्या," आत्या आतून म्हणाली. "तवर मी खाली उतरतो."

चार-पाच जण पुढे धावले. सगळे चांगल्या घरचे, चांगल्या मनाचे लोक. मी आजही हेच म्हणते, आणि म्हणूनच राग जात नाही.

"बसा ना आई, कायले उतरता? चिखल हाये."

"मी कोनाची आई नाही. उतरू द्या मले. जॅक लावताना आत मानूस नसते."

"तुमी कायले तरास घेता? आमी हावो ना. तुमाले फुलावानी उचलतो, गाडीसकट!"

सगळे हसले. एकानं पायरीवर डोकं टेकवून तिला नमस्कार केला, आणि तो तिथंच वाकलेला असल्यामुळे तिला पाय खाली टाकता येईना. मी पुढच्या कोपऱ्यावर जॅकची फळी टाकत होते, तिथूनच ओरडले, "अगोदर आत्याले उतरवा! जॅकनं उचलू नका!" रुमालवाला म्हणाला, "हे पुस्तकातलं नको सांगू वं. तू तुहा जॅक सांभाळ." ओढ्याकडच्या मागच्या जॅकचं हँडल दोघांनी धरलं आणि जोर लावून ते त्या कोपऱ्यावर गाडी उचलू लागले. मी हातातलं सोडून त्यांच्याकडे धावले. तोवर फळी ओल्या मातीवरून सरकली, जॅक तिरपा झाला आणि तो कोपरा धपकन खाली बसला.

आवाज फार झाला नाही. डीजे सुरू होता.

आत्या मांडणीच्या लोखंडी कडेवर आपटून पुस्तकांखाली पडली होती. खुब्याचं हाड मोडलं. तिला बाहेर काढताना जो तो "आई, आई" करत होता. ती फक्त एवढंच म्हणाली, "उतरू द्या म्हटलं होतं."

मेळावा झाला. भाषणांत तिच्या त्यागाचा उल्लेख झाला, असं नंतर कळलं. महिन्याभरानं तेच लोक शाल घेऊन घरी आले. रुमालवाला तिच्या खाटेशी वाकला, तिला पाय मागे घेता आले नाहीत. मी त्याच्या खांद्याला धरून त्याला उभं केलं. त्याचे डोळे ओले होते. मला त्याचं काहीही वाटलं नाही. माणसाला वर बसवून ठेवायचं आणि त्याचं ऐकायचं नाही, याला आमच्यात मान म्हणतात. तिनं आयुष्यभर ज्याच्याविरुद्ध छापलं, तेच तिच्या अंगावर आलं.

जॅक नवा बसवून गाडी अंगणात आणली, तेव्हा आत्यानं खाट दारात टाकायला लावली. चाक फळीवर, दगड, जीप सुटली, फळ्या, जॅक. सगळं मीच केलं, ती तिकडून बघत होती.

"आत कोनी नाही ना?"

"नाही, आत्या."

"पाहून घे."

मी वर जाऊन पाहिलं आणि खाली उतरले. उंबऱ्यावर थाळी ठेवली. पाणी दोन्हीकडे सारखं होतं.

चुलतभाऊ म्हणाला, "चाल आत्या, आमी दोघं तुले उचलून आत बसवतो. पाहून घे तुही गाडी."

"उचलून नाही," ती म्हणाली.

ती बराच वेळ त्या तीन पायऱ्यांकडे बघत राहिली. नंतर तिनं मला जवळ बोलावलं आणि गाडीतली पुस्तकं घरात आणून ठेवायला सांगितली.