कोठी किधर है?

“किचन तर दिसून नाही राहिलं,” आई बाबांच्या कानात म्हणाली. आम्ही तेव्हा किचनमध्येच उभे होतो.

तिची चूक नव्हती. नव्या रायपुरातल्या त्या विकाऊ बंगल्याच्या किचनमध्ये किचनसारखं काहीच नव्हतं. भिंतींना खालपासून छतापर्यंत राखाडी फळ्या, एकीलाही कडी नाही की मूठ नाही. मधोमध भलामोठा काळा ओटा, चारही बाजूंनी मोकळा. घर दाखवणारा भैया दिल्लीकडून नुकताच आला होता आणि त्या ओट्याला अत्यंत आदराने ‘आयलंड’ म्हणत होता.

“याच्यावर पोळ्या लाटाच्या का टेबल टेनिस खेळाचं?” आईने विचारलं.

“दोन्ही,” बाबा म्हणाले. त्यांना घर गेटवरच पसंत पडलं होतं.

भैयाने एक फळी बोटाने दाबली. ती उघडली आणि आत फ्रिज निघाला. दुसरी दाबली, तर भांडी धुण्याचं मशीन. बाबांना हा खेळ इतका आवडला की त्यांनी एक खरी भिंतही दाबून पाहिली. मी मागे उभी राहून मनातल्या मनात अंदाज बांधत होते, कुठल्या फळीमागे काय असेल. (मी मागेच उभी असते, फारशी बोलत नाही. भैयाने बाबांना हळूच विचारलंही होतं, “दीदी को हिंदी आती है ना?”)

हे घर आम्ही घ्यावं असं सगळ्यांत जास्त मला वाटत होतं, आणि ते कोणालाच माहीत नव्हतं. जुन्या रायपुरात, तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरात वर्षाचे गहू माझ्या खोलीत राहतात. खाली ड्रम, ड्रमवर तांदळाची पोती, पोत्यांच्या बाजूला लोणच्याच्या बरण्या. उरलेल्या जागेत मी राहते. माझ्या डिग्रीच्या सर्टिफिकेटलाही कैरीच्या लोणच्याचा वास येतो.

तेवढ्यात आईने मुद्द्यालाच हात घातला. “भैया, कोठी किधर है?”

भैया गोंधळला. त्याने दोन्ही हात पसरले. “मैडम, यही तो कोठी है. आप कोठी में ही खड़ी हैं.”

“किचनलेच कोठी म्हणून राहिला हा,” आई बाबांना म्हणाली.

मला सगळं कळलं होतं. आईच्या मराठीत कोठी म्हणजे धान्य ठेवायची खोली. भैयाच्या हिंदीत कोठी म्हणजे अख्खा बंगला. (तो छत्तीसगढचा असता तरी चाललं असतं. इथल्या गावांतही कोठीत धानच असतं.) एका वाक्याचं काम होतं. पण माझं वाक्य आधी इंग्रजीत तयार होतं, मग हिंदीत येतं, मग ते मराठीपर्यंत न्यावं की तिथेच थांबवावं यावर विचार होतो. तो संपेपर्यंत तिघंही बाल्कनी पाहायला वर गेले होते.

मी एकटी उरले. कोपऱ्यात एक फळी होती, भैयाने न दाबलेली. बहुतेक ती त्यालाही नवीन होती. मी दाबली.

आत कपाट नव्हतं. आत खोली होती! पाय ठेवताच दिवा लागला. तिन्ही बाजूंनी दगडी मांडण्या, वर जाळीची छोटी खिडकी, खाली भरपूर मोकळी जागा. मी दोन्ही हातांची कव करून ड्रमचं माप घेतलं. मावत होता. दुसऱ्या ड्रमचं माप घ्यायला वळले, तेव्हा माझ्यामागे दार इतक्या अदबीने मिटलं की मी त्याला थँक्यू म्हणणार होते.

आतून दाबण्यासारखं काहीच नव्हतं. फोन आईच्या पर्समध्ये. आता काय करावं, म्हणून मी स्तब्ध उभी राहून विचार करू लागले, तर दिवाही विझला. (समोर कोणी हलत असेल तरच तो जळायचा. माझ्यासारखीवर हा अन्यायच होता.) मग मी हात हलवत विचार करू लागले.

पावलं खाली आली.

“घर छान आहे,” आईचा आवाज. “पण कोठी नाही. मंग गहू काय आयलंडवर ठेवू?”

“दर महिन्याले थोडे थोडे आणू,” बाबा म्हणाले.

“म्हणजे पॅकेटचं पीठ खाऊन राहिलो आपण आता?”

“मी इथे आहे,” मी म्हणाले. मला वाटलं, मोठ्याने.

“पोट्टी कुठं गेली वं?” बाबांनी आईला विचारलं.

“दीदी,” भैयाने हाक मारली, “आप कहाँ हैं?”

प्रश्न हिंदीत होता, म्हणून मी उत्तरही हिंदीत दिलं. या वेळी जरा जोरात. “कोठी में हूँ.”

“कोठी में ही हैं,” भैया निश्चिंत झाला.

“बाहेर नाही गेली म्हणजे,” आई म्हणाली. “पाहू द्या तिले आरामात.”

निदान आईला तरी कळायला हवं होतं, असं तुम्हाला वाटेल. पण मी घरात मराठी ऐकते आणि हिंदीत उत्तर देते, हे आईचं जुनं दुखणं आहे. मी हिंदीत कोठी म्हटलं, म्हणजे ती हिंदीतलीच कोठी. माझ्या बोलण्यावर तिने एवढा विश्वास पूर्वी कधी ठेवला नव्हता.

मी दार बडवलं. दाराच्या कडांना रबर होतं. अर्धा आवाज त्यानेच गिळला.

“भैया, आपका फ्रिज आवाज कर रहा है,” बाबा म्हणाले.

“नया है सर. थोड़े दिन करेगा.”

“चला,” आई म्हणाली. “ते गाडीपाशी गेली असन. भैया, हमको नहीं जमेगा.”

चपला दाराकडे निघाल्या. माझी बिनगव्हाची खोली हातची चालली होती आणि मी मात्र त्या बंगल्यात कायमची राहायला आल्यासारखी उभी होते. दोन्ही हात हलवून मी दिवा लावला, छाती भरून श्वास घेतला, इंग्रजी ओलांडली, हिंदी ओलांडली आणि अख्ख्या कॉलनीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले:

“आई वं, मी कोठीत आहो! हिंदीतल्या नाही, मराठीतल्या!”