खालून वर बघायची चित्रं

नलूमावशी कुठलंही चित्र खालून वर बघायच्या. आधी पाय, मग कंबर, मग खांदे आणि सगळं तपासून झालं की शेवटी चेहरा. चित्रात पाय दिसत नसले तर चित्रकारावर नाराज व्हायच्या. "झाकलेत म्हणजे काढता आले नसणार," म्हणायच्या.

आमची ओळख न्यूयॉर्कच्या एका म्युझियममध्ये झाली. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच चित्रकारांच्या दालनात मी बाकावर बसले होते. समोरच्या चित्रात पॅरिसची एक बाई दोन्ही हातांनी इस्त्री दाबत होती. पांढरा बॉबकट, साडीवर स्वेटर आणि पायात धावायचे बूट अशा थाटातल्या एक बाई तिच्यापुढे वाकून स्वतःशीच म्हणाल्या, "उजवा खांदा गेला हिचा." गार्डने त्यांना मागे सरायला सांगितलं. त्या सरल्या त्या थेट माझ्या पायावर. मी "आई गं" म्हणाले आणि दोघींनाही कळलं, समोरची आपल्यातलीच आहे.

मावशी मूळच्या नागपूरच्या. न्यू जर्सीतल्या एका हॉस्पिटलातून फिजिओथेरपिस्ट म्हणून रिटायर झालेल्या आणि राहायला वेस्ट विंडसरला, माझ्या घराजवळच. मी नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, नोकरीची परवानगी नाही. काय करतेस, असं त्यांनी परतीच्या ट्रेनमध्ये विचारलं, तेव्हा मी म्हणाले, "काही नाही, घरीच असते." त्यांनी मला न्याहाळलं. "तू अशी बसलीस जशी ही सीट दुसऱ्या कुणाची आहे. नीट टेकून बस. तिकीट काढलंयस ना?"

पुढे दर गुरुवारी आम्ही जोडीने जायला लागलो. मी वाचून यायचे आणि त्यांना ऐकवायचे : तेव्हा पॅरिस नव्याने बांधलं जात होतं, रुंद रस्ते, कॅफे, थिएटरं उभी राहत होती आणि काही चित्रकार देवदेवता सोडून या शहरातल्या बायका रंगवायला लागले होते. मावशी शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि आपलं निदान सांगायच्या. तालमीनंतर वाकून बसलेल्या नर्तकीला घोट्यावर बर्फ. थिएटरच्या बॉक्समध्ये दागिन्यांनी मढलेल्या बाईपाशी मात्र त्या रेंगाळायच्या. "हिची मला जास्त काळजी वाटते. एवढं आवळल्यावर श्वास कुठून घेणार? त्यात पलीकडचा तो दुर्बीण लावून हिलाच बघतोय. नाटक राहिलं बाजूला. बिचारीला धड खोकताही यायचं नाही." आणि मग समजुतीने म्हणायच्या, "पण या लोकांनी एक बरं केलं. दमलेली बाई दमलेलीच काढली."

म्युझियमला स्वयंसेवक गाईड हवे होते. मावशींनी अर्ज केला. परीक्षकांपुढे एका चित्रावर बोलायचं होतं. मी त्यांच्याकडून सगळं घोकून घेतलं : प्रकाश, रंगांचे फटकारे, पॅरिसमधल्या धोबिणी. मावशी त्या इस्त्रीवाल्या बाईपुढे उभ्या राहिल्या, प्रकाशाबद्दल दोन वाक्यं बोलल्या आणि थांबल्या. मग परीक्षकांना म्हणाल्या, "प्लीज, सगळे उभे राहा. दोन्ही मुठी पुढे. आता खाली दाबा. सोडू नका." ते सगळे सभ्यपणे हवेत इस्त्री दाबत राहिले. शेवटी त्यांच्यातले एक बो टायवाले गृहस्थ लाल होऊन म्हणाले, "कधीपर्यंत?"

"संध्याकाळपर्यंत," मावशी म्हणाल्या.

मला वाटलं, जिंकलं आपण. पण फोन आला तो नकाराचा. पाहुण्यांना व्यायाम करायला लावणं त्यांच्या पद्धतीत बसत नव्हतं. मावशींनी फोन ठेवला, चहा केला, त्यात साखर घालायला विसरल्या. तो तसाच पीत म्हणाल्या, "खूप इच्छा होती गं."

एवढंच म्हणाल्या, पण ते मला सहन होईना. दुसऱ्या दिवशी मी आसपासच्या सगळ्या काकूंना फोन केले : चला, मावशी चित्रं दाखवणार आहेत. अमेरिकेत आल्यापासून कुणाला न विचारता केलेलं माझं ते पहिलं काम. गुरुवारी प्रिन्स्टन जंक्शनहून तिखटमिठाच्या पुऱ्यांसकट आमची पलटण निघाली. परवानगी नसलेला ग्रुप दिसू नये म्हणून मावशींनी सगळ्यांना दोघीदोघींनी फिरायला लावलं, पण हवेत इस्त्री दाबणाऱ्या काकू कशा लपणार? मग दर गुरुवारी हेच, आणि गार्ड हसू दाबत दुसरीकडे बघायचा.

एकदा कॅफेत एकट्या बसलेल्या बाईच्या चित्रापुढे कुणीतरी म्हणालं, "कुणाची तरी वाट बघतेय." देशपांडेकाका जाऊन तेव्हा थोडेच महिने झाले होते. पलटणीतल्या देशपांडेकाकू हळूच म्हणाल्या, "नाही, वाट नाही बघत. घरी कुणी नाही म्हणून उठत नाहीये." त्या दिवशी मावशींनी काही निदान केलं नाही. काकूंचा हात धरून त्या तिथेच उभ्या राहिल्या.

मग मावशींचेच गुडघे बोलायला लागले. गेल्या वर्षी त्या मुलाकडे, टेक्ससमध्ये फ्रिस्कोला राहायला गेल्या. गुरुवारची पलटण आता मी नेते. वाटलं होतं, तिथे त्यांना करमणार नाही. गेल्या महिन्यात त्यांनी फोटो पाठवला. तिथल्या इंडियन ग्रोसरीत काउंटरवरची मुलगी दिवसभर उभी असायची. मावशींनी कोथिंबीर घ्यायच्या निमित्ताने रोज जाऊन मालकाचं डोकं खाल्लं आणि शेवटी त्याने एक उंच स्टूल आणलं. फोटोच्या कोपऱ्यात मावशींचा अंगठा आलाय. मेथीच्या जुड्या आणि आंब्यांच्या पेट्यांमागे ती मुलगी स्टुलावर बसलीय. हनुवटी तळहातावर, नजर कुठेतरी दुकानाबाहेर, कंटाळलेली.

खाली मावशींनी लिहिलं होतं, "हस म्हणाले नाही तिला."