पुकारा न झालेली साक्ष

पोलीस खात्यातील नोकरीत शेकडो प्रकरणे हाताखालून गेली. बहुतेक विसरलो. हे एक विसरलो नाही आणि विसरावे असेही कधी वाटले नाही.

महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते. अमरावती जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी ठाणेदार होतो. गावाचे नाव सांगत नाही. माणसांची तर सांगणारच नाही. ज्या मुलीचे नाव आम्ही चौघांनी झाकले, ते मी म्हातारपणी उघडे करणे बरोबर नाही.

बाजाराचा दिवस होता. बंदोबस्ताची माणसे वाटून देऊन मी रोजनामचा पाहत होतो, तोच सरकारी दवाखान्यातील डॉक्टरीणबाई आत आल्या. त्या मूळच्या अकोल्याच्या, बोलणे मोजके. त्या काळी बाईमाणूस ठाण्याची पायरी सहसा चढत नसे. पहाऱ्यावरचा शिपाई गोंधळून सलाम करून मोकळा झाला.

"नऊ वर्षांची मुलगी काल आईने दाखवायला आणली," त्या म्हणाल्या. "झाडावरून पडली म्हणाली. ती झाडावरून पडलेली नाही. कोणा मोठ्या माणसाने तिच्यावर हात टाकला आहे. मी तपासले आहे, आणि कोर्टात तसे सांगायलाही तयार आहे."

"आई काय म्हणते?"

"आई रडते. दुसरे काही म्हणत नाही."

त्यांनी पत्ता दिला. मुलीचा बाप माळी, नदीकाठी त्याचा बगीचा. शेवंती, झेंडू, मोगरा आणि थोडा भाजीपाला. सकाळी घरोघर पूजेची फुले पोहोचवण्याचे काम या मुलीकडे होते.

मी साध्या कपड्यांत एकटाच गेलो. अशा कामाला गणवेश गेला की आधी शेजारी गोळा होतात आणि खरे बोलणारा माणूस घरात शिरतो. बाप वाफ्यात पाणी सोडत होता. मी कोण ते सांगितल्यावरही त्याने फावडे ठेवले नाही.

"पोरगी झाडावरून पडली जी. बाकी काई नाई."

"कोणत्या झाडावरून?"

"याच बगीच्यातल्या."

मी बगीच्यावर नजर फिरवली. फुलांचे वाफे, वांगी, मेथी. झाड म्हणावे असे एकच होते, विहिरीजवळची पपई.

"पपईवर कोणी चढते का रे?"

त्याने पपईकडे पाहिले. मग फावडे टाकून बांधावर बसला. खोटे बोलण्याची सवय नसलेल्या माणसाला एकच प्रश्न पुरतो, पुढे आपण गप्प राहायचे. थोड्या वेळाने त्याने स्वतःहून नाव सांगितले. गावातले प्रतिष्ठित गृहस्थ. मुलगी ज्या शाळेत जात होती, त्या शाळेच्या कार्यकारी मंडळावर होते. लोक त्यांना वाकून नमस्कार करीत.

"मग फिर्याद दे," मी म्हणालो.

"नाई देत."

"काहून?"

"साहेब, तुमी लिवान. मंग कोर्टात तारीख लागन. मंग तो पट्टेवाला ओसरीत उभा राहून माह्या पोरीचं नाव तीनदा पुकारन. बापाच्या नावासकट. सारं गाव तिथं पान खात बसलेलं असते. त्या माणसाले सजा होईन का नाई हे देवाले माहीत, पन माह्या पोरीले त्याच दिवशी होईन. उद्या तिले कोन करून घेईन?" त्याने तोंड पुसले. "पुकारा करनार नसान तं सांगा. आत्ता अंगठा देतो."

पुकारा कोर्टाचा रिवाज होता आणि कोर्ट माझ्या हाताखाली नव्हते. जे आपल्या हाती नाही त्याचे वचन पोलिसाने देऊ नये. मी फक्त विचारून येतो म्हणालो आणि निघालो.

संध्याकाळी दवाखाना बंद झाल्यावर आम्ही चौघे डॉक्टरीणबाईंच्या खोलीत बसलो. त्या, मी, मुलीच्या शाळेच्या मुख्याध्यापिका आणि फौजदारी खटले चालवणारे सरकारी वकील. मुख्याध्यापिकांना गावात सगळे मोठ्या बाई म्हणत. आरोपी त्यांच्याच मंडळावर, म्हणजे नोकरी त्याच्या मुठीत. मी तसे स्पष्ट सांगितले.

"मुलगी माझ्या शाळेची आहे. नोकरीचे नंतर पाहू," त्या म्हणाल्या आणि चष्मा पुसू लागल्या.

वकीलसाहेब वयस्क, जिभेला धार. "मुलीचे बयान मला भक्कम पाहिजे. मी स्वतः दोन-चारदा तपासून घेईन."

डॉक्टरीणबाई उसळल्या. "दोन-चारदा? आधी आई विचारते, मग मी, मग ठाणेदार, मग तुम्ही, मग कोर्ट. चौथ्या वेळेला ती मुलगी एक तर मुकी होईल, नाही तर तुम्हाला हवे ते बोलेल."

"मग काय, तुमच्या औषधाच्या बाटलीची साक्ष काढू?"

"काढा. ती तरी पाठ केलेले बोलणार नाही."

मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या, "भांडण झाले असेल तर ऐका. विचारायचे एकदाच, आणि एकानेच. मी विचारते. ठाणेदारांनी लिहावे. तुम्हा दोघांना जे जे हवे, ते मला आधी सांगून ठेवा."

वकीलसाहेबांनी बराच वेळ नाक चोळले. "आणि पुकारा?"

"ते तुमचे काम," आम्ही तिघेही म्हणालो.

दुसऱ्या दिवशी वकीलसाहेब स्वतः नदीकाठी गेले. त्यांनी बापाला खोटी आशा दाखवली नाही. अर्ज करतो, मॅजिस्ट्रेट ऐकतील असे वाटते, खात्री देत नाही, असे सांगितले. बापाने विचार केला. "बरं. पन पुकारा झाला का मी पोरीले उचलून घरी नेतो. मंग तुमचा खटला तुमी पाहा." या अटीवर गुन्हा नोंदवला.

मुलीचे बयान शाळेत झाले, सुट्टीच्या दिवशी. मोठ्या बाईंनी शेवंतीची टोपली मागवली आणि दोघी हार ओवत बसल्या. मी भिंतीकडे तोंड करून लिहीत होतो. तिने जे सांगितले ते इथे सांगणार नाही. दोन गोष्टी मात्र सांगतो.

पहिली ही. ती म्हणाली, "त्या खोलीत देवच नाई, बाई. कोनाड्यात आरसा अन् वस्तरा हाय. मंग फुलं तिथं आनाले काहून सांगत?"

दुसरी अशी. कोणाला का सांगितले नाहीस, असे विचारल्यावर ती थांबली. "त्यायनं म्हटलं, सांगशील तं पोलीस तुह्या बापाले पकडून नेतील."

"हे बसले आहेत ना, ते पोलीस आहेत," मोठ्या बाई म्हणाल्या. "विचार त्यांना, कोणाला पकडणार."

मागे टोपली सरकली. मग आवाज आला, "माह्या बापाले?"

मी वळलो. "नाही. त्याला."

तिने सुईत पुढचे फूल ओवले. त्यानंतर ती न थांबता बोलली.

आरोपीला ठाण्यात बोलावले. तो न विचारता खुर्चीवर बसला. असा माणूस धमकावून बोलत नाही. त्याला मान दिला की तो बोलतो. मी चहा मागवला.

"फुलवाली मुलगी? फाटकाशी येते. गडी फुले घेतो. मी तिला नीट पाहिलेही नाही."

"घरात कधी आली?"

"कधीच नाही. हवे तर लिहून घ्या."

"घेतो," मी म्हणालो आणि त्याच्यासमोर लिहिले. मग दोन पंच घेऊन त्याच्याच सोबत त्याच्या घरी गेलो. मागच्या खोलीच्या कोनाड्यात आरसा होता. आरशापुढे वस्तरा. देव पुढच्या माजघरात, चांदीच्या देव्हाऱ्यात. गड्याला विचारले. तो मालकाकडे पाहून घाम पुसू लागला आणि मग म्हणाला, "फुलं मी कधीच घेतली नाई साहेब. मालक म्हनत, पोरीलेच आत धाड." पंचांच्या सह्या होताच मी आरोपीला अटक केली. वाटेत भेटलेल्या दोघांनी सवयीने त्याला नमस्कार केला. त्याने मान खाली घातली होती.

खरी कसोटी कोर्टाची होती. बंद दाराआड साक्ष घेण्याचा अर्ज मॅजिस्ट्रेटसाहेबांनी मंजूर केला. पुकाऱ्याबद्दल मात्र ते एवढेच बोलले, "त्या दिवशी पाहू." साहेब रिवाजाचे पक्के होते. वकीलसाहेबांच्या तोंडचे पाणी पळाले. बाप तर साक्षीच्या आदल्या संध्याकाळी पोरीला हिवरखेडला मामाकडे पाठवायला निघाला होता. डॉक्टरीणबाईंनी त्याला गाडीअड्ड्यावरून परत आणले.

शिवाय ओसरीतून मुलीला न्यायचे कसे? आरोपीने अमरावतीहून नामांकित वकील आणला होता आणि त्यामुळे बघ्यांची दाटी होती. ही अडचण मोठ्या बाईंनी सोडवली. कोर्ट पाहण्यासाठी त्यांनी शाळेची सहल काढली. निळे परकर, दोन वेण्या, सगळ्या एकसारख्या. मुली रांगेने ओसरीतून गेल्या, मॅजिस्ट्रेटांच्या खोलीत जाऊन त्यांना नमस्कार केला, मागच्या दाराने बाहेर पडल्या आणि गाणे म्हणत शाळेत परतल्या. एक मुलगी आत राहिली. कोणती, हे ओसरीला कळले नाही. एक म्हातारा मला म्हणाला, "काय जी, आता लेकरायलेबी कोर्ट दाखवून राहिले? वकील करता का पोरीयले?"

"करू," मी म्हणालो.

दारे बंद झाली. मुलगी खुर्चीवर, शेजारी मोठ्या बाई. बाप दाराशी उभा, एक हात कडीवर. खटल्याचा क्रमांक वाचला गेला. पट्टेवाला सवयीप्रमाणे दाराकडे निघाला, त्याने छाती भरून घेतली. बापाने कडी काढली.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी हात वर केला. पट्टेवाला जागीच थांबला.

आरोपीचे वकील लगेच उठले. "हुजूर, साक्षीदाराचा पुकारा झालेला नाही. रिवाज आहे."

"पुकारा गैरहजर माणसासाठी असतो, वकीलसाहेब," मॅजिस्ट्रेट म्हणाले. "साक्षीदार माझ्यासमोर बसलेली आहे. तुम्हाला दिसत नाही का?"

बापाने कडी पुन्हा लावली.

मुलगी बोलली. हळू, पण सरळ. उलटतपासणीत त्या नामांकित वकिलांनी विचारले, "हे सगळे तुला कोणी शिकवले?"

"कोनी नाई," ती म्हणाली. "शिकवलं असतं तं इसरली असती. मी पाढे इसरते."

लिहिता लिहिता मॅजिस्ट्रेटसाहेबांनी लेखणी क्षणभर थांबवली. पुढचा प्रश्न आला नाही. त्यानंतर डॉक्टरीणबाईंची साक्ष झाली, मग पंचांची, गड्याची आणि माझी. कुठेही धागा तुटला नाही.

निकालाच्या दिवशी ओसरी भरली होती. त्या दिवशी पुकारा झाला, तो आरोपीचा. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, तीनदा. माळी खांबाला टेकून उभा होता. तो पट्टेवाल्याला म्हणाला, "बापू, मांगच्यायले आयकू नाई गेलं. अजून एक डाव होऊ दे." पट्टेवाल्याने, रिवाज नसताना, चौथ्यांदा पुकारले. मॅजिस्ट्रेटसाहेबांना ते ऐकू आले असावे. त्यांनी निकालपत्र उघडले. कायद्यात होती तेवढी सगळी शिक्षा त्यांनी दिली. अपिलातही ती टिकली. आरोपीचे नाव शाळेच्या मंडळातून गेले, मोठ्या बाई शाळेतच राहिल्या आणि सेवानिवृत्त होऊनच बाहेर पडल्या. मुलीचे नाव गावात कोणाच्या तोंडी आले नाही.

गुन्हा सिद्ध करणे हे पोलिसाचे काम, असे मी तोवर समजत होतो. त्या मुलीच्या बाबतीत गुन्हा सिद्ध करायला डॉक्टर लागली, शिक्षिका लागली, वकील लागला, आणि रिवाजाचा अर्थ जाणणारा मॅजिस्ट्रेट लागला. माझ्या वाट्याला त्यातला एक भाग आला. मी तो नीट केला, एवढेच म्हणेन.

काही महिन्यांनी परतवाड्याकडची एक बाई ठाण्यात आली. सोबत सात-आठ वर्षांचा मुलगा. ती बराच वेळ उभीच होती. मग तिने हळू आवाजात विचारले, "इथं लेकराचं नाव पुकारत नाई म्हनते. खरं हाय का साहेब?"

"खरे आहे," मी म्हणालो. "बसा."

ठाण्यात लिहिण्याचे काम करणाऱ्या दिवाणजीने लेखणी उचलली होती. मी त्याला ती खाली ठेवायला सांगितली आणि मोठ्या बाईंना बोलवायला माणूस धाडला.