दमणच्या फाट्याअलीकडचा समुद्र

“दमण नको, एवढंच सांगा यांना. कारण तुम्ही शोधा, मावशी.”

वंदना दारातच उभी. आत ये म्हटलं तर येईना. बोटांना गोंद वाळलेला. साड्यांना खडे चिकटवायचं काम घरी करते, तेच अर्धवट टाकून आली होती. सकाळी तिचा नवरा प्रकाश माझ्याकडे गाडी सांगून गेला होता. धुळवडीला त्याचं खातं बंद राहणार होतं. आमच्या सुरतेत लूम्सच्या कारखान्याला खातं म्हणतात. घरची पाच माणसं, तो, ती, दोन पोरं आणि त्याची म्हातारी आई. एक दिवस समुद्रावर जाऊन यायचं. ठिकाण त्यानेच ठरवलेलं, दमण.

“पोरांनी मोबाईलवर बघितलंय, मावशी. मोठे झोके, होड्या, काय काय,” असं म्हणाला होता. तोंडात बडीशेप. मावा सोडल्यापासून सारखी बडीशेप लागते, हेही त्यानेच सांगितलं. मी म्हटलं, बरं झालं बाबा, सोडलास ते.

आता माझ्या धंद्याबद्दल थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी सुरतेच्या गोडादऱ्यात गाडी-बुकिंग करते. मालकांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, एक टॅक्सी होती. ते गेले, गाडी राहिली, मग मीच शिकले. चौथी पास बाई, पण आता परमिट, टोल, ड्रायव्हरचा भत्ता, वेटिंग, सगळं तोंडपाठ. घरचा पुढचा खोलीवजा गाळा हेच ऑफिस. गिऱ्हाईक बहुतेक आपलंच, खानदेशातलं. लग्नाला, देवाला, मयताला गावी जाणारं. आणि उन्हाळा तापायच्या आत, फाल्गुनात, एक दिवस बीच.

या धंद्यात एक गोष्ट मी फार लवकर शिकले. बुकिंग पुरुष करून जातो. दुपारी बाई येते आणि ठिकाण बदलून जाते. त्यातही दमण असलं की हमखास. गुजरातेत दारूबंदी आहे, दमणला नाही. वापीहून फाटा फुटतो, थोडं पुढे गेलं की दुकानंच दुकानं. त्यामुळे सुरतेतला पुरुष ‘बीच’ म्हणाला की घरची बाई माझं दार गाठते. समुद्र तर सुरतेजवळ डुमसलाही आहे ना!

“पितो का अजून?” मी विचारलं.

“दिवाळीपासून बंद आहे. दवाखान्यात होते ना तेव्हा. डॉक्टर म्हणाले, लिव्हर गेलंय, आता एक घोट घेतला तर माझ्याकडे आणू नका.” तिने दाराची कडी धरली. “चार महिने मी डोळ्यांत तेल घालून बघतेय. पगाराच्या दिवशी खात्याच्या गेटवर जाऊन उभी राहते. दमणला गेले तर सगळं वाया जाईल.”

“तूच सांग ना त्याला.”

“मी सांगितलं तर म्हणतील, माझ्यावर विश्वास नाही. मग त्याच रागात पितील.” हे तिने अगदी साधं सांगितलं, जसं कुणी सांगतं की पाणी आज उशिरा येणार आहे.

मी म्हटलं, जा तू, काम कर. बघते मी.

बघते म्हणजे काय, तर गाडीचं कारण काढायचं. नवरा-बायकोच्या भांडणात पडायचं नाही, गाडी पुढे करायची. माणूस बायकोचं ऐकत नाही, देवाचं ऐकत नाही, पण गाडी जात नाही म्हटलं की मुकाट मान हलवतो.

संध्याकाळी प्रकाशला बोलावलं. कानात अजून कापूस होता. खात्यातल्या माणसांना लूम्सच्या आवाजाने कमी ऐकू येतं, म्हणून जरा मोठ्यानेच बोलावं लागतं.

“दमणला गाडी नाही देता येणार रे.”

“का? पैसे वाढवून देतो.”

“पैशाचं नाही. होळीच्या आठवड्यात नाक्यावर चेकिंग कडक असतं. येताना एक बाटली सापडली तरी गाडी मुद्देमाल म्हणून जमा. कोर्टातून सुटेपर्यंत चौकीच्या आवारात सडते. मागे एका ओळखीच्याची टायरं गेली तिथंच.” हे काही खोटं नव्हतं. फक्त त्या कारणासाठी मी दमणची भाडी कधी नाकारली नव्हती.

“माझ्याकडे कुठली बाटली? मी सोडलीये.”

“तुझं नाही म्हणत मी. नाक्यावरचा पोलीस तुझ्या कपाळावर वाचणार आहे का, सोडलीये म्हणून?”

तो हसला. चांगलं हसायचा पोरगा. चाळिशीचा असेल, पण गाल आत गेल्यामुळे हसला की म्हातारा दिसायचा. “मग कुठे जायचं? डुमसला तर रिक्षाने जातो आम्ही. सुवाली?”

“सुवालीला पाण्यात उतरायचं नाही. भरती कधी मागून घेरते कळत नाही. पोरं आहेत बरोबर.”

“दांडी?”

“शांत आहे. पोरं कंटाळतील.”

“नारगोळ चांगलं म्हणतात. सुरूची झाडं आहेत, सावली आहे. आईला बसायला बरं.”

इथे मी थांबले. नारगोळ खरंच चांगलं. दुसरं कुणी गिऱ्हाईक असतं तर मी स्वतः तेच सांगितलं असतं. पण हायवेने नारगोळला जायचं म्हणजे वापी ओलांडावी लागते, आणि दमणचा फाटा वापीलाच. गाडी फाट्यावरून जाणार. माणूस चहाला उतरणार. पुढचं मी पुष्कळ वेळा पाहिलंय. तिथल नावाचा किनारा मात्र वलसाडला आहे, वापीच्या अलीकडे. गाडीला त्या फाट्याचं तोंडही बघावं लागत नाही.

“तिथल,” मी म्हटलं. “काळी वाळू, उंट, भाजलेली मकाई, जवळच देऊळ. आई खूश, पोरं खूश.”

“आणि मी?”

“तू पैसे दे.”

तो पुन्हा हसला. बडीशेपची पुडी काढून मलाही चिमूटभर दिली. “ठीक आहे मावशी, तिथल. आईला समुद्र दाखवायचाय, बाकी काय. परवा म्हणत होती, ‘माले समिंदर देखना शे, मंग मी मरसू.’” पारोळ्याकडची म्हातारी. सुरतेत लेकाकडे आल्याला वर्ष होऊन गेलं, तरी समुद्र पाहिलेला नव्हता. हसू नका, आमच्या भागात अशी पुष्कळ आहेत.

ड्रायव्हर इकबाल दिला. रांदेरचा, सरळ माणूस. मालकांच्या वेळेपासूनचा. त्याला निघायच्या आधी बजावलं. वलसाडपासून पुढे गाडी एक इंच न्यायची नाही. पार्टी रडू दे, चिडू दे, जास्तीचे पैसे देऊ दे. दमण नाही म्हणजे नाही. तो म्हणाला, “समझ गया मासी.” इकबालला एकदा सांगितलं की झालं. जेवढं सांगाल तेवढं बरोबर करतो.

सकाळी गाडी गेली. दुपारी वंदनाने फोटो पाठवला. ओहोटी होती, पाणी लांब गेलेलं. काळ्या ओल्या वाळूत म्हातारी नऊवारी गुडघ्यापर्यंत धरून उभी, आणि प्रकाशने तिला मागून खांद्याला धरलेलं. खाली आवाजात निरोप टाकलेला, “मावशी, हे खूप हसताहेत.” मी फोटो मोठा करून बघितला. मनात म्हटलं, एक काम नीट झालं.

नंतर इकबालचा फोन आला.

“मासी, पार्टी को खून की उल्टी हुई. बहुत. रेत पे. क्या करूं?”

मागे म्हातारीचा आवाज येत होता. “काय जायं मन्हा पोऱ्याले? काय जायं?” आणि वंदना ओरडत होती की सुरतेला घ्या, आमच्या डॉक्टरकडे घ्या, त्यांना सगळं माहितीये.

आजारी माणसाच्या बाबतीत माझा नियम एकच आहे. ओळखीचा डॉक्टर नाही, जवळचा डॉक्टर. मी म्हटलं, “इकबाल, वलसाड. सरळ इस्पितळ. आणि वंदनाला फोन दे.” तिला सांगितलं, सुरतेपर्यंत जायला वेळ नाही. ती म्हणाली, “पण यांनी तर काहीच घेतलं नाही! मी दिवसभर बाजूला होते. लघवीला गेले तरी पोराला पाठवलं मागे.” तेच तेच बोलत राहिली. फोन चालू ठेवून मी वलसाडला जाणारी गाडी शोधायला लागले.

मी पोचले तेव्हा तो आत होता. बाहेर बाकावर दोन्ही पोरं बसलेली, पायांना काळी वाळू. एकाच्या मांडीवर प्लास्टिकची बादली, त्यातही वाळू. म्हातारी भिंतीला टेकून खाली बसलेली. कुणीच तिला काही सांगितलं नव्हतं. मी तिच्याजवळ बसले. ती म्हणाली, समुद्र मोठा असतो.

तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. गुजराती होत्या, पण सावकाश बोलल्या. लिव्हर खराब झालं की अन्ननळीतल्या शिरा फुगतात. एक दिवस फुटतात. रक्त थांबवायचा प्रयत्न चालू आहे. मग वंदनाकडे बघून म्हणाल्या, “छेल्ले क्यारे पीधो?” शेवटचं कधी प्याले?

“दिवाळीला. त्यानंतर थेंब नाही.”

बाईंनी हातातला केसपेपर पुन्हा पाहिला. मग फार हळू म्हणाल्या, “बेन, आ तो रोज पीये छे. आजे सवारे पण.”

रोज. आज सकाळीसुद्धा. आत घेताना त्यानेच सांगितलेलं.

वंदना बोटांवरच्या वाळलेल्या गोंदाचा एकेक पापुद्रा सोलत बसली. तिला खोटं ठरवलं असं वाटलं असेल का, की आणखी काही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

नंतर सगळं उलगडलं, आणि त्यात उलगडण्यासारखं फार नव्हतंच. देशी दारू प्लास्टिकच्या पिशवीत बांधून येते. तिला पोटली म्हणतात. दमणला जावं लागत नाही. कामाच्या जागी, वस्तीत, कुणी ना कुणी पोचवतं. जेवणाच्या सुट्टीत अर्धी, सुटताना अर्धी. वर बडीशेप. पगाराच्या दिवशी वंदना गेटवर उभी राहायची, आणि तो आतूनच पिऊन हसत बाहेर यायचा. चार महिने.

प्रकाश शुद्धीवर आला होता एकदा. आत एकालाच सोडत होते, वंदना गेली. परत आल्यावर तिने मला सांगितलं, काय म्हणाला ते. म्हणाला, “दमणला निदान एक दिवस दुकानातली प्यायलो असतो. ही विष आहे गं, मला माहीत होतं.”

दुसऱ्या दिवशी तो गेला.

टॅक्सीत मयत नेत नाहीत. तसा रिवाज आहे, आणि पुढचं गिऱ्हाईकही बसत नाही. मी शववाहिनी ठरवली. वंदना त्यात बसली. म्हातारी आणि पोरं इकबालच्या गाडीत, मी पुढे. नवसारी आली. मग म्हातारीने इकबालला विचारलं, अजून किती लांब आहे. त्याने गाडीचा वेग कमी केला आणि म्हणाला, बस आ गया, अम्मा. अजून आलं नव्हतं.

सगळ्यांना नवागामला त्यांच्या घरी उतरवून आम्ही गोडादऱ्याला आलो. इकबाल गाडी धुवायला लागला. पायाखालच्या मॅट काढून झटकल्या, काळी वाळू पडली. मी पायरीवर बसले होते. मला राहवेना.

“इकबाल, तुला काही कळलं नाही? सकाळी बसताना?”

“पता चला था मासी. बैठते ही स्मेल आया.” पाईप हातात तसाच धरून तो उभा राहिला. “आपने बोला था दमण नहीं ले जाना. नहीं ले गया. स्मेल का तो आपने कुछ बोला नहीं था.”

ड्रायव्हरने गिऱ्हाइकाचा वास सांगत फिरू नये, हे मीच शिकवलेलं. आणि त्याने सांगितलं असतं तरी त्या सकाळी काही वाचलं असतं असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या नाहीत. मी विचारलं होतं त्यांना.

वर्ष गेलं. वंदनाने खडे सोडून एका मार्केटात साड्यांच्या घडीचं काम धरलं. यंदा होळीच्या आधी ती आली. या वेळी आत येऊन बसली. म्हणाली, पोरं मागे लागलीत. आईही म्हणतात, समुद्र पुन्हा एकदा बघायचा.

“कुठे न्यायचं?”

“तिथल नको, एवढंच. बाकी तुम्ही सांगा.”

मी सांगितलं, नारगोळ. सुरूची झाडं आहेत, सावली आहे, आईला बसायला बरं. बोलताना लक्षात आलं की हे शब्द माझे नाहीत. तिच्याही लक्षात आलं असेल का? तो बोलला तेव्हा ती नव्हती. मी वहीत नारगोळ लिहिलं.

या वेळी मीही गेले. वापी आली. रस्त्यावर दमणची पाटी दिसली, मोठी, बाण काढलेला. वंदना खिडकीतून तिच्याकडे बघत होती. इकबालने गाडी हळूसुद्धा केली नाही. फाटा मागे पडला.

या धंद्यातून एवढंच शिकले. कुठे जायचं नाही हे बाई सांगते, आणि त्याप्रमाणे रस्ता आखता येतो. माणूस रोज कुठे जातो, ते कुणी सांगत नाही आणि नकाशातही सापडत नाही. आता बाई दारात येऊन ‘दमण नको’ म्हणाली की मी गाडीची गोष्ट काढत नाही. आधी तिला आत बसवते आणि विचारते, नवऱ्याच्या तोंडाला बडीशेपचा वास कधीपासून येतो. काही बायका रागावून उठून जातात. गिऱ्हाईक तुटतं. तुटू दे.